'पास' या शब्दाचा अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी मलकापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. इंग्रजी येणारे गावात मोजकेच, आणि त्यात माझा मान मोठा. तो मान मला किती गोड लागायचा, हे आधीच कबूल करतो.

विजेचे दिवे बनवणाऱ्या मुंबईच्या एका नव्या कंपनीचे शेअर आम्ही पाच-सहा जणांनी घेतले होते. आमच्या घरांत तेव्हा वीज नव्हती, तरी! भाव आज चढायचा, उद्या पडायचा. गाडीने मुंबईचा पेपर आला की आम्ही स्टेशनजवळच्या हॉटेलात जमायचो. कंपनीची बातमी मी मराठीत सांगायचो.

त्यांत रोहिणखेडचे गुलाबराव होते. थोडी कपाशी, सरळ स्वभाव. शेअर विकून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं त्यांच्या मनात होतं. कंपनीच्या नफ्यातोट्याची बातमी येईपर्यंत थांबले होते.

ती आली. कंपनीने यंदाचा डिव्हिडंड, म्हणजे भागधारकांना द्यायचा नफ्यातला वाटा, 'पास' केला, असं छापलं होतं. पास — म्हणजे मंजूरच ना? मी तसं सांगून टाकलं. पुढच्या दोन ओळी नीट लागेनात. त्या गाळल्या.

"मंग इकू का ठिवू, मास्तर?" गुलाबरावांनी विचारलं.

"ठेवा," मी म्हणालो.

घरी येऊन त्या दोन ओळींसाठी कोश उघडला. डिव्हिडंड पास करणं म्हणजे तो न देणं, यंदापुरता वगळणं. कंपनी तोट्यात होती.

इथवर चूक झाली. पण चुकीसाठी मी हे लिहायला बसलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीचा मुक्काम आटोपून गुलाबराव स्टेशनापाशी बैलगाडी जुंपत होते. मला पाहून हसले. "तुमी होता म्हून वाचलो, मास्तर. नाहीतर आज तार करून इकूनच टाकत होतो."

तारघर समोरच होतं — उघडं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की त्या शब्दाचा अर्थ मला येत नव्हता. का नाही म्हणालो? माझा मान जाईल म्हणून. दुसरं काही नाही. सांभाळून जा, असं म्हणून मी शाळेत गेलो. माझे स्वतःचे शेअरही विकले नाहीत — विकले असते तर बिंग फुटलं असतं.

पंधरा दिवसांत ते शेअर कुणी फुकट घेईना. पेपरवाल्यांनीच चुकीचं छापलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. चिडून सगळ्यांनी संपादकाला पत्र लिहायचं ठरवलं. ते इंग्रजीत कुणी लिहिलं? मीच. सह्या झाल्या, आणि टपालात टाकायला नेताना मी ते फाडलं. महिनाभर सगळे उत्तराची वाट पाहत होते — मीही, त्यांच्यात बसून.

"तुमचा काय दोस, मास्तर?" गुलाबरावांनीच माझी समजूत काढली. "तुमी तं छापलं तेच वाचलं."

इंजिन आलं नाही. ते शेवटपर्यंत मोटेनेच पाणी काढत राहिले. दर हंगामात मला भुईमुगाच्या शेंगा आणून द्यायचे, आणि मी त्या घ्यायचो.

गुलाबराव मागच्या वर्षी वारले. आता हे लिहून त्यांना काही मिळणार नाही. मला मात्र फार हलकं वाटतंय — तेही लपवत नाही.