साळूबाईंच्या दोन बाळंतिणी

साळूबाईंना कुणी काही शिकवायला गेलं की त्या आधी त्याला चहा देत आणि मग त्याचं काहीही ऐकत नसत. कडेगावजवळच्या त्यांच्या गावात मी पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी डॉक्टर, आणि चार वर्षांत असा चहा मी भरपूर प्यायलो. त्यांचे मालक फौजेतून निवृत्त होऊन शिरवळच्या एका कारखान्यात गेटवर होते. घर, ऊस आणि गोठा बाईंनी एकहाती सांभाळला. नुसत्या शेणावरून गायीचं पोट कसं आहे ते त्या माझ्याआधी सांगत. मला ते झोंबायचं, पण त्यांचं चुकत नसे.

शहाण्णव सालच्या चैत्रात त्यांच्या घरी दोन बाळंतिणी होत्या. माजघरात पहिलटकरीण लेक राजेश्वरी, आणि गोठ्यात त्याच आठवड्यात व्यालेली संकरित गाय, ठिपकी. साळूबाईंचा न्याय दोघींना सारखा. लेकीला शेक, डिंकाचे लाडू, बंद खिडकी; ती गार पाणी मागायची, मिळायचं कोमट. ठिपकीला रोज अकराच्या उन्हात गूळ घालून शिजवलेली बाजरी, वर पेंड, आणि पाणी तेही कोमट, मोजून दोन बादल्या. व्यालेल्या गायीला चार दिवस बाजरी घालतात, त्यात वावगं काही नाही. साळूबाईंचे चार दिवस मात्र संपत नव्हते. ऊन तर असं की गोठ्याच्या पत्र्याखाली माणसाला पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं.

पंधराव्या दिवशी निरोप आला. गेलो तर ठिपकी तोंड उघडून, जीभ बाहेर टाकून धापत होती. लाळेची तार लागली होती. ताप एकशे पाच. बारा लिटरचं दूध पाचावर आलं होतं आणि पुढ्यातली बाजरी तशीच होती. असंच आणखी चार दिवस चाललं तर गाय हातची जाणार हे मला दिसत होतं. साळूबाईंनाही दिसत होतं, म्हणूनच त्यांनी त्या दिवशी गूळ दुप्पट घातला होता.

"कमजोरी आलीया तिला," त्या म्हणाल्या. "ताकदीचं इंजेक्शन द्या."

मी म्हटलं, इंजेक्शनचं काम नाही, खाण्याचं आहे. खाल्लेलं पचताना गायीच्या पोटात ऊब तयार होते आणि खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी ती सगळ्यात जास्त असते. अकराला खुराक दिला की ऐन उन्हात ती आतूनही तापते. म्हणून खुराक उजाडायच्या आत आणि दिवस बुडाल्यावर द्यायचा. बाजरी बंद. कडबा थोडाच, तोही संध्याकाळी, आणि मळ्यातला कोवळा मका जास्त, कारण तो पचायला हलका. पेंडीत थोडं मीठ आणि खायचा सोडा, लाळेवाटे जातंय ते भरून निघायला. आणि विहिरीचं गार पाणी, पिईल तेवढं.

शेवटच्या शब्दाला त्या उठल्याच. "बाकीचं समदं करीन. गार पाणी न्हाई."

"का पण?"

"पयली गाय कशानं गेली, इसरला व्हय?"

विसरलो नव्हतो. तीन वर्षांपूर्वी त्यांची पहिली गाय व्याल्यावर दुसऱ्याच दिवशी बसली ती उठली नाही. कान गार पडले. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. बाई तिच्या डोक्याशी बसून म्हणत होत्या, "म्या हिरीचं गार पाणी पाजलं. गारठ्यानं गेली." तेव्हापासून त्या घरात बाळंतिणीला गार म्हणून काही मिळत नव्हतं.

खरं तर ती गारठ्यानं गेली नव्हती. एकदम दूध सुटलं की गायीच्या अंगातलं कॅल्शियम उतरतं, ती गार पडते आणि बसते. वेळेत शिरेतून त्याची एक बाटली दिली असती तर बहुतेक उठली असती. निरोप मला सकाळीच मिळाला होता. मेव्हण्याचा साखरपुडा होता, पंगत उठेपर्यंत थांबू म्हटलं, आणि जायला संध्याकाळ झाली. बाई स्वतःला दोष देत होत्या तेव्हा मी बॅग बंद करून गप्प बसलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

ठिपकीची धाप ऐकत मी त्यांना हे सगळं सांगितलं. "मावशी, ती तुमच्या पाण्यानं गेली नाही. मी उशिरा आलो म्हणून गेली. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

त्या दिवशी चहा मिळाला नाही. विहिरीवर जाऊन त्यांनी बादली भरून आणली आणि ठिपकीपुढे ठेवली. ठिपकीनं तोंड घातलं ते तळ लागल्यावरच वर काढलं. अशा चार बादल्या झाल्या. तेवढा वेळ साळूबाई तिचा कान हातात धरून बसल्या होत्या, गार पडतोय का ते बघत.

पुढे आठ दिवस मी रोज गेलो. खुराक पहाटे आणि दिवेलागणीला ठरल्याप्रमाणे पडत होता. पाचव्या दिवशी भर दुपारी ठिपकी गोठ्याबाहेरच्या कडुलिंबाखाली रवंथ करत बसलेली दिसली, आठव्या दिवशी दूध दहावर गेलं. बाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. मला ते लागायचं, पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

नवव्या दिवशी माजघराची खिडकी उघडी होती. राजेश्वरी मांडीवर बाळ घेऊन बसली होती आणि साळूबाई तिला माठातल्या पाण्याचा तांब्या देत होत्या. तिनं तो डोळे मिटून घटाघटा रिकामा केला.

साळूबाईंनी तांब्या परत भरला आणि बाहेर ओट्यावर आल्या.

"तीन वर्सं पाण्याला भ्याले मी, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आन तुमी गप ऱ्हायला."

मी मान खाली घातली. त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला.

"घ्या. उनातनं आलाय."