गायकवाडबाईंची फक्की

गायकवाडबाईंचे हात कायम पांढरे असत. भोरच्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवत आणि मी इंग्रजी. कबड्डी-खोखोचं मैदान आखायची पांढरी भुकटी, म्हणजे फक्की, त्यांच्या नखांत, पदराच्या टोकाला, अगदी चहाच्या कपावरसुद्धा सापडे. पण मैदान आखण्याआधी त्या मुलींना तिथे अर्धा तास मोकळं सोडत आणि स्वतः कडेला उभ्या राहत. "आदी बघायचं, मंग आखायचं," म्हणत. "पोरी कुठं पळत्यात, कुठं घसरत्यात, ते बघितल्याबिगर रेघ वढायची न्हाई."

मुलांनो, परवा तुम्ही तुमच्या शहरातल्या सायकलींच्या वेगळ्या रस्त्याचा फोटो पाठवलात आणि मला बाई आठवल्या. आपल्या भोरमध्येही तशी एक पट्टी आहे, चौकापासून पुलापर्यंत. ती कशी झाली ते तुम्हाला मी कधी सांगितलेलं नाही.

नववीतली अश्विनी हिर्डोशीच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून सायकलने यायची. एका सकाळी चौकातल्या वळणावर तिला गाडीचा धक्का लागला. कोपर खरचटलं, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते स्वतः भाजीचा टेम्पो चालवत. "म्या रोज त्या वळणावरनं जातो, बाई. मला ठावं हाय तिथं काय व्हतं ते. उद्यापास्नं सायकल बंद." शाळेच्या वेळेला त्यांच्या वाडीतून एसटी नव्हती. सायकल बंद म्हणजे शाळा बंद, हे न बोलताही आम्हा तिघांना कळत होतं. बाईंनी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

मी लगेच कामाला लागले. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मसाल्याच्या डब्यांवरही मी चिठ्ठ्या लावते. दोन संध्याकाळ बसून गावाचा नकाशा काढला आणि मागच्या गल्ल्यांतून मुलींसाठी हिरव्या पेन्सिलीने सुरक्षित वाट आखली. बाईंनी नकाशा हातात घेतला. त्यावर पांढरा अंगठा उमटला.

"मॅडम, लई झ्याक काढलाय. ह्या वाटंनं तुमी कदी गेलाय का?"

"नाही."

"मंग चला."

आम्ही चालत गेलो. वाटेत एक दुकान नाही, एक उघडं दार नाही. नुसत्या भिंती, आणि एका वळणावर पत्ते कुटत बसलेलं टोळकं. "गाड्या न्हाईत, खरं हाय," बाई म्हणाल्या. "पण हितनं एकटी पोरगी जाईल व्हय? पोरी माणसातनं जाणार. वाट तिथंच पायजे." मी नकाशाची घडी घातली.

पण चौकातल्या त्या गर्दीत जागा आणायची कुठून?

"गाड्यास्नीच इचारू," बाई म्हणाल्या. "तुमची पिठाची चाळणी द्या."

बाजाराच्या दिवशी, पहिली एसटी सुटायच्या आधी, आम्ही साठीकडे झुकलेल्या दोघी बायका चौकापासून पुलापर्यंत सगळ्या रस्त्यावर चाळणीने फक्की पेरत होतो. ड्युटीवरचा हवालदार आला. "बाई, हितं आज कबड्डी हाय का?"

"व्हय. टेम्पो इरुद्ध एसटी. तुमी पंच."

तो हसला. नगरपालिकेच्या परवानगीचा कागद मी पुढे केला, तो त्याने वाचलासुद्धा नाही.

त्या दिवशी माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. पाच वाजता आम्ही चौकाकडे गेलो, म्हणजे खरं तर धावलोच. रस्त्याच्या मधोमध चाकांचे काळे पट्टे पडले होते. दुकानांच्या बाजूची फक्की पावलांनी आणि हातगाड्यांनी मळून गेली होती. मुली आजवर तिथेच अंग चोरून सायकल चालवत होत्या. पण समोरच्या कडेला थेट पुलापर्यंत शुभ्र पट्टी उरली होती. तिच्यावर फक्त कोंबड्यांची पावलं. आणि ज्या वळणावर अश्विनी पडली, तिथे कोपऱ्यात आपल्या माजघराएवढा पांढरा तुकडा जसाच्या तसा.

बाईंनी नगरपालिकेच्या इंजिनिअरना आणि अश्विनीच्या वडिलांना आधीच बोलावून ठेवलं होतं. इंजिनिअर म्हणाले, "बाई, रस्ता अरुंद आहे, जागा निघणार नाही." वडील मात्र खाली वाकून एक माग निरखत होते. "ह्यो माझा टेम्पो. मागचं चाक गुळगुळीत झालंय त्याचं." त्या मागाबरोबर ते वळणापर्यंत चालत गेले आणि पांढऱ्या तुकड्याच्या काठाशी थांबले.

"हितं म्या कदी चाक घालतच न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले.

"मंग ती जागा तुमच्या पोरीला द्या की," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्या पांढऱ्या तुकड्यावर एक पाऊल टाकून पाहिलं. मग इंजिनिअरकडे वळले. "सायेब, हितं खांब रोवा. आमाला वळाया काय बी अडचण न्हाई. बाकीच्या टेम्पोवाल्यास्नी मी सांगतो."

इंजिनिअरनी मोजपट्टी काढली. बाईंनी लगेच बजावलं, "दोन सायकली शेजारी शेजारी जातील एवढी रुंद धरा. पोरी बोलत बोलतच जात्यात, एकामागं एक जा म्हणून सांगून उपेग न्हाई."

आठव्या दिवशी तिथे पिंपं मांडली गेली, खांब नंतर आले. नवव्या दिवशी अश्विनी सायकलवरून शाळेत आली आणि मागून, बऱ्याच अंतरावरून, रिकामा टेम्पो हळूहळू आला. सगळ्यांनी बाईंना आग्रह केला, पट्टीवरून पहिली फेरी तुम्हीच मारा. "मला कुठं येतीया सायकल?" बाई म्हणाल्या आणि पदर खोचून अश्विनीच्या कॅरिअरवर बसल्या. पुलापर्यंत जाऊन परत येईतो त्या हसत होत्या.

गेल्या दिवाळीनंतर बाई गेल्या. त्यांच्या घरून फक्कीची अर्धी गोणी माझ्याकडे आली. आज पहाटे मी ती दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर पेरली. तिथे म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडता येत नाही. नकाशाचा कोरा कागद टेबलावर तयार आहे, पण त्याला अजून पेन्सिल लावलेली नाही. संध्याकाळचे पाच वाजत आलेत. अश्विनी आता कॉलेजात जाते. ती खाली सायकलची घंटी वाजवते आहे, सारखी. आम्ही बघायला निघालो.