‘आवजो’ म्हटलं की निघायचं

गाव सोडलं त्या सकाळी उंबऱ्यातून मी सहज म्हटलं, "आई, जातंय." ती चूल सोडून बाहेर आली. "जातंय म्हणू नको गो. येतंय म्हण." एवढ्यासाठी मला परत आत घेतलं, देवापुढे उभं केलं आणि पुन्हा निघायला लावलं. मग मी येतंय म्हटलं. एसटी सुटली तेव्हा तोंडात तिनं कोंबलेली खोबऱ्याची वडी होती आणि रडू आवरत नव्हतं, त्यामुळे ती धड चावताही येईना.

घाटकोपरला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली आणि खोली मिळाली ती जयाबेनच्या शेजारी. पहिल्याच आठवड्यात त्यांची वाटी परत द्यायला गेले. निघताना त्या म्हणाल्या, "आवजो." मला वाटलं, या म्हणतायत. परत येऊन बसले. बिचाऱ्यांनी चहा टाकला. चहा पिऊन उठले, तर पुन्हा आवजो. पुन्हा बसले. किती प्रेमळ माणसं, सोडतच नाहीत, असं मी फोनवर आईला सांगितलंसुद्धा! शेवटी त्यांच्या सुनेनं हसत हसत समजावलं की अगं, आवजो म्हणजे आता नीघ. वाट लागली माझी. खोलीत येऊन उशीत तोंड खुपसलं. खूप नंतर लक्षात आलं की ही माणसंही कुणाला ‘जा’ म्हणत नाहीत. आईसारखीच.

गुजराती अक्षरं मी दुकानातल्या नजर तपासायच्या तक्त्यावरून शिकले. डोक्यावर रेघ नसलेली, मोकळी अक्षरं. म्हातारी गिऱ्हाइकं वरच्या ओळीपासून वाचत यायची आणि मी मनातल्या मनात त्यांच्यामागून. त्यांना जिथे धूसर दिसायला लागायचं तिथे मलाही अडायचं. फरक एवढाच की त्यांना भिंग लावलं की पुढचं दिसायचं.

तुम्ही गावाकडचे मला विचारता, भाषा शिकायला किती वेळ लागतो? माझ्यासारखे बाहेर पडलेले, कुणी सुरतेला, कुणी मस्कतला, ते विचारत नाहीत, त्यांना ठाऊक आहे. भाजी घेण्यापुरती पटकन येते. भांडण्यापुरती यायला मला वर्ष लागलं. त्यापुढचं मात्र कळतच नाही कधी होतं ते. रविवारी दुपारी जेवून आडवी होते, पंखा फिरत असतो, गॅलरीतून जयाबेनचं बोलणं येत असतं आणि डोळा लागतो. मग दिसते आमची बाव. आई पाणी शेंदतेय. ती मला हाक मारते, तीही गुजरातीत, आणि मी ओ देते. स्वप्नात त्यात काहीच वावगं वाटत नाही. जाग आली की मात्र तीच हाक मी मालवणीत पुटपुटून बघते.

बाबा गेले आणि त्याच वर्षी आई पडवीत घसरून पडली. तिला तिथे एकटीला ठेवायची मला भीती वाटायला लागली, म्हणून इथे आणलं. राहिली, पण पाहुणीसारखी. तिची पिशवी पलंगाखाली भरलेलीच असायची. कपाटातला कप्पा मी रिकामा करून दिला, त्यात तिनं एक पातळ ठेवलं नाही. गावी जायची वेळ आली की दारातून म्हणायची, "जातंय." मला शिकवणारी हीच बाई! एकदा रागानं विचारलंच, तर शांतपणे म्हणाली, "येतंय आपल्या घराक म्हणतत. ह्या तुझा घर." दर खेपेला वाटायचं, ही आता परत येत नाही.

तिला भाषा मी नाही शिकवली. दुपारची गॅलरीत जयाबेनबरोबर वालपापडी निवडायला बसायची. ही मालवणीत बोलणार, त्या गुजरातीत. कुणालाच कुणाचं कळत नव्हतं आणि कुणी थांबतही नव्हतं. मग हळूहळू आई "केम छो गो" म्हणायला लागली, आणि जयाबेननी तो ‘गो’ उचलला. आता त्या सुनेलाही गो म्हणतात.

यंदा शिमग्याला चुलतभाऊ गाडी घेऊन आला. आईनं पिशवी उचलली. जयाबेन दारात आल्या. "आवजो." आईनंही सराईतासारखं "आवजो, आवजो" केलं. मग माझ्याकडे वळली. मी जातंय ऐकायची तयारी करून उभी होते.

"येतंय गो," ती म्हणाली.

इतकी वर्षं मला कुणी घर कुठे विचारलं की मी गावाचं नाव सांगत आले. अजूनही सांगीन. पण त्या क्षणी आमची ती एवढीशी खोली मला पहिल्यांदा घर वाटली, कारण तिथून निघताना आई येतंय म्हणाली होती. तोंडून निघालं ते "आवजो."

आई जिन्यात थांबली. मीच तिला सांगितलेली माझी जुनी फजिती ती कधी विसरली नव्हती. वर बघून तिनं विचारलं, "म्हणजे आता जाव काय, परत येऊन बसू?"

"जा," मी म्हटलं, "आणि लवकर ये."