उजव्या कौलाचं इंजिन

मोटारीचं इंजिन घरी बांधायचं की विकत आणायचं, हा प्रश्न आमच्या घरात देवाला विचारून सोडवण्यात आला.

देवाला या भानगडीत ओढण्याचं कारण माझी धाकटी बहीण कुसुम. तिचं लग्न कल्याणच्या एका मुलाशी ठरत होतं. मुलगा चांगला, आणि मुलाचे वडील रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. आमच्या ठाण्याच्या घरी बैठक झाली तेव्हा त्यांनी 'हुंडा नको, मानपान नको' असं सांगून आईच्या डोळ्यांत पाणी आणलं. मग म्हणाले, "इच्छा एकच. मुहूर्ताला नवरदेव मंडपाच्या दारात मोटारीतून उतरला पाहिजे. टांगा नको, घोडा नको. जन्म यंत्रांत घालवलाय मी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"आमच्या घरचीच गाडी आहे की!" मी म्हणालो.

गाडी होती, हे अगदी खरं. शेजारचे वकील मुंबईला बिऱ्हाड हलवताना ती आमच्या अंगणात सोडून गेले होते. (ती हलत नव्हती म्हणूनच सोडून गेले.) इंजिनाला उभी चीर गेलेली, आणि मागच्या सीटवर मांजर दोनदा व्यालेली.

"इंजिन कसं आहे?" फोरमनसाहेबांनी विचारलं.

"नवीन बांधतोय. स्वतः!"

आत इंदूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातून पोह्यांची बशी पडली.

मी तेव्हा शाळेत ड्रॉइंग शिकवत असे. त्याच रात्री नव्हे, पण चार दिवसांत मी इंजिनाचं चित्र काढलं. तीन रंगांत, छायाप्रकाशासकट! चित्र इतकं सुरेख उतरलं की इंजिन आता झाल्यातच जमा आहे, असं मला वाटू लागलं. जांभळी नाक्यावरच्या रामजीमिस्त्रींना ते दाखवलं. त्यांनी हात पुसून ते नीट पाहिलं.

"मास्तर, चित्र झकास आहे. काच लावून भिंतीवर टांगा. इंजिन मी आणून देतो, चालू."

"विकतचं कोणीही आणेल हो!"

"म्हणूनच तर चालतं ते," मिस्त्री म्हणाले.

घरी इंदू मिस्त्रींच्या बाजूची, कुसुम घाबरलेली आणि आई तटस्थ. दोन दिवस धुसफूस झाली. शेवटी आई म्हणाली, "आपण कोकणातली माणसं. गाय घेताना विचारलं, विहीर खणताना विचारलं. आता इंजिनाचंही विचारू. गावी गुरवाला पत्र टाक आणि कौल लाव."

कौल लावायचा म्हणजे गुरवानं देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी कार्ड लिहिलं, 'मोटारीचे इंजिन घरी बांधावे काय?' दहा दिवसांनी गुरवाचं उत्तर आलं, 'उजवा दिला.'

मग काय विचारता! देवच पाठीशी म्हटल्यावर मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. महायुद्ध संपल्यापासून कल्याणला लष्करी भंगार विकायला येत असे. दर रविवारी मी तिकडून पोत्यात काही ना काही घेऊन परतायचो. गाडी मुळात सहा सिलिंडरची, पण मला एका मापाचे पिस्टन चारच मिळाले. म्हणून मी चार सिलिंडरचं इंजिन बांधायचं ठरवलं. (घरात माणसंही चारच होती. माणशी एक.) झडपा भातगिरणीतल्या जुन्या यंत्राच्या. जिथे नट बसेना तिथे सुतळी. वरून दाराखिडक्यांचा उरलेला हिरवा रंग दिला. तो मात्र इतका एकसारखा बसला की मिस्त्रीसुद्धा म्हणाले, "रंगाला नाव ठेवायला जागा नाही."

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा अंगणात ओंडक्यांवर ठेवून इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. मी हँडल मारलं. एक 'ठो' झाला! काळा धूर निघाला, शेजारच्या बाजेवर लग्नाचे पापड वाळत होते ते मिरपूड घातल्यासारखे झाले, आणि पुन्हा शांतता.

"संपलं?" आईनं विचारलं.

"संपलं कसं? बोललं ना एकदा! म्हणजे जिवंत आहे. आता फक्त गाडीत बसवायचं."

कुसुम आत निघून गेली. तिचे डोळे भरले होते. ते पाहून मलाही वाईट वाटलं. पण देवाचा कौल असताना बोलणार काय? इंदू मात्र अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, बसवण्याचं मिस्त्री बघतील. तुम्ही डोंबिवली-कल्याणची आमंत्रणं करून या. घरातल्या कर्त्या माणसानं जायला नको का?"

कर्ता माणूस दोन दिवस आमंत्रणं करत हिंडला. परत आलो तर गाडी अंगणात थरथरत उभी! मी बॉनेट उघडून पाहिलं. हिरवंगार इंजिन एका लयीत चालत होतं. मी आनंदानं टाळीच वाजवली. रामजीमिस्त्री कुठे बघावं ते न कळून मांजराकडे बघत होते.

लग्नाच्या दिवशी मिस्त्रींनी गाडी चालवली आणि मी शेजारी ऐटीत बसलो. जानवशापासून मंडपापर्यंत गाडी एकदाही अडली नाही. नवरदेव उतरला, सनई वाजली. मुहूर्ताला पाव तास होता, आणि तो मी सत्कारणी लावायचं ठरवलं.

"पाहणार का इंजिन?" मी फोरमनसाहेबांना विचारलं. (कोणी पाहायला मागितलं नव्हतं!) "चार सिलिंडर. एक-एक भाग या हातांनी बसवलाय."

फोरमनसाहेब वाकले. बोटानं मोजत गेले. पुन्हा मोजलं.

"मास्तर, हे सहा आहेत."

मीही मोजले. सहाच होते. जे इंजिन दोन महिने छातीशी धरून बांधलं, ते आणि हे वेगळं आहे हे मला कळलंच नव्हतं! मी फक्त रंग पाहिला होता.

सनई थांबली. फोरमनसाहेबांचा चेहरा कडक झाला. "लग्नाच्या दारात थाप? हे मला आवडलं नाही."

कुसुम मुंडावळ्यांआडून पांढरीफटक पडली. तेवढ्यात इंदू पदर सावरत पुढे आली.

"यांनी थाप नाही मारली हो. यांना माहीतच नाही. मीही गावी कौल लावला होता. 'इंजिन विकत घ्यावे काय?' उजवा आला. म्हणून मिस्त्रींकडून आणवलं आणि वर यांचाच हिरवा रंग द्यायला लावला. यांचं इंजिन तुळशीमागे झाकून ठेवलंय."

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो.

"तेही विचारलं होतं देवाला. डावा आला."

फोरमनसाहेबांनी इंदूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा इंदूकडे पाहिलं. मग बॉनेट हळूच बंद केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "एवढंच सांगा. मुलगी कोणाच्या वळणावर गेलीय? भावाच्या की वहिनीच्या?"

"वहिनीच्या!" सगळं घर एकदम ओरडलं, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.