मिठानं मऊ केलेली जमीन

पाटोद्याचा इलियास कुल्फीवाला माझा विद्यार्थी. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की स्वतःची मोडून अर्धी द्यायचा. बर्फावर मीठ टाकून कुल्फी जमवणं हा त्याचा बापापासूनचा धंदा. हंगाम संपला की हात रिकामे, म्हणून धाकट्या भावाला, जाकीरला घेऊन तो लडाखला रस्त्याच्या कामावर गेला. तिथला मुकादम होता युसूफ वडगाव या गावचा तानाजी.

डिझेलच्या टाकीच्या लोखंडी पायांसाठी खड्डे घ्यायचे होते. जमीन गोठून दगड झालेली. पहार मारली की उसळून परत येई. इलियासनं स्वयंपाकातली मिठाची गोणी आणून जागोजाग ओतली. दुसऱ्या दिवशी माती सुटली.

"लई डोकं हाय बे तुला," तानाजी म्हणाला. तीच माती पायांभोवती ठासून टाकी उभी केली.

थंडी वाढली तशी माती पुन्हा गोठली, पण पहिल्यासारखी नाही. मिठामुळे तिच्यात थोडं पाणी न गोठता राहिलं होतं, आणि टाकीच्या वजनाखाली ती आतल्या आत सरकत होती. रोज पाहणाऱ्याला कळू नये इतकी हळू. इलियासला कळलं. टाकीच्या आडोशालाच जाकीरचा स्वयंपाकाचा तंबू होता.

"तानाजीभाऊ, टाकी कलायली."

"टाकी न्हाई, तूच कलायला. काय घेतो बे?" सगळे हसले.

जाकीरही हसला. "भाई, हितं वारा लागत न्हाई. तुला तर सगळंच वितळताना दिसतं."

इलियासनं एकट्यानं तंबू उपटून दूर लावला. भाकरी गार मिळते म्हणून तानाजीनं तो परत टाकीजवळ आणवला.

एका सकाळी टाकी आडवी झाली. जाकीर पीठ मळत होता.

त्याला घेऊन गाडी खाली निघायच्या आत तानाजीनं दुसरी टाकी त्याच जागी उभी करायला लावली. "खड्डे तयार हायत," म्हणाला.

मी जाकीरच्या मातीला गेलो तेव्हा त्यांच्या आईला, जाहेदाला एवढंच माहीत होतं की अपघात झाला. लोक पांगल्यावर इलियास तिच्यासमोर बसला आणि मीठ आपण टाकल्याचं त्यानं सांगितलं. मी तिथंच होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एकच उरला होतास मला," ती म्हणाली. "हे कशाला सांगितलंस?"

तेव्हापासून ती त्याच्याशी बोललेली नाही. दोन्ही वेळचं जेवण मात्र करून वाढते. त्याचं ताट उंबऱ्याबाहेर असतं.