तळ्याले पाठ न दाखवणारं ॲप

मी भूपेश. चंद्रपूरच्या एका मासळीवाल्या शेठची बर्फाची गाडी चालवतो. माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाई, बोलायचं आहे ते दिव्यानीबद्दल.

दिव्यानी ऊर्जानगरात क्वार्टरमध्ये राहते. नवरा पॉवर स्टेशनात, ही घरी बसून मोबाईलची ॲप बनवते. स्वभावानं इतकी शांत, की तुम्ही डोकं आपटून घ्या, ती म्हणणार, "पाहते." बस, एवढंच. मले अशा माणसांचा भयंकर राग येते.

शेठनं तिच्याकडून एक ॲप करून घेतलं. मुलचेऱ्याकडच्या एका गावात ढिवरांच्या बाया तळ्यात मासळी धरतात. त्यांच्या गटाची इंदुताई किती मासळी निघाली ते ॲपमध्ये लिहून पाठवणार, अन् मी मुलचेऱ्यात तेवढाच बर्फ भरून तळ्यावर जाणार. त्याआधी या बाया टोपली डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत पायी जायच्या. उन्हाळ्यात अर्धी मासळी वाटेतच खराब व्हायची. म्हणून गाडी यायले लागली तेव्हा इंदुताईनं चाकाले हळदकुंकू लावलं होतं.

पण झालं काय, फोनवर दुप्पट मासळी अन् तळ्यावर पाहावं तर अर्धी. रोज तेच. उरलेला बर्फ माझ्या गाडीत वितळून राह्यला होता. शेठ भडकला. "ते बाई खोटं लिहून राह्यली. या हप्त्यानंतर गाडी बंद."

मी इंदुताईले सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "मी खोटं काऊन लिहू, भाऊ?" म्हणाली अन् डोळ्याले पदर लावून तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसली.

तसाच ऊर्जानगरात गेलो अन् दिव्यानीवर तोंडसुख घेतलं. तिनं स्वतःच्या फोनवरून पाठवून पाहिलं. एकदा पाठवलं, एकदाच गेलं. मी म्हटलं, आता म्हणते 'पाहते'. म्हणालीच. पण वर हेही म्हणाली, "मले तळ्यावर घेऊन चला."

तळ्याची पार अशी अरुंद, की गाडी आत नेता येते, वळवता येत नाई. निघताना पुरी पार रिव्हर्सनं काढावी लागते, अन् मी रोज शिव्या देतो. त्या दिवशी गाडी आत घेतानाच देत होतो. तेवढ्यात इंदुताई पाण्यातून निघाली. ही माणसं तळ्याले पाठ दाखवत नाईत. पाण्याकडे तोंड करूनच मागे मागे येतात, काठाशी कपाळाले पाणी लावतात, अन् मगच वळतात. मले यात नवीन काही नव्हतं. दिव्यानी मात्र हातातला चहा विसरून पाहत होती.

इंदुताईनं हात पुसले, मासळी लिहिली, पाठवली. 'पाठवलं' असं आलं. झालं ना काम? पण तिनं बॅक दाबलं. तर भरलेलं पान पुन्हा उजवीकडून सरकत आलं, नवीन पान येते तसंच. तिले वाटलं, गेलंच नाई. बिचारीनं पुन्हा पाठवलं.

"इंदुताई, बॅक काऊन दाबलं?" दिव्यानीनं विचारलं.

"मंग? आलो तसंच निघा लागते ना, बाई. एकदम कसं बंद करू?"

दिव्यानीनं तो फोन घेऊन स्वतः बॅक दाबून पाहिलं. मग म्हणाली, "चूक माझी आहे." मले तिनं समजावून सांगितलं. पाठवून झाल्यावर ते भरलेलं पान परतीच्या वाटेवर ठेवायलेच नको होतं. अन् जाताना अन् येताना पानं एकाच बाजूनं सरकत होती, म्हणून मागे आलेलं माणसाले कळतच नव्हतं. शहरातले लोक काम झालं की ॲप झटक्यात बंद करतात, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाई.

"मग बॅकच काढून टाका ना. झंझट खतम," मी म्हटलं.

तेव्हा पहिल्यांदा तिले चिडलेली पाहिलं. "त्या बरोबर निघून राह्यल्या, भूपेशभाऊ. त्यांची सवय काऊन मोडू?"

गाडीच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत बसली. त्याआधी शेठले फोन लावला. "इंदुताईनं खरं तेच लिहिलं होतं. माझंच ॲप दोनदा पाठवत होतं," असं सरळ सांगितलं. आवाज चढला नाई तिचा. मले तिचा पहिल्यांदा अभिमान वाटला, खोटं काऊन बोलू.

दुसऱ्या दिवशी इंदुताईनं मासळी लिहून पाठवली अन् सवयीनं बॅक दाबलं. 'पाठवलं'चं पान आल्या बाजूनं हळूच सरकून गेलं अन् थेट पहिलं पान दिसलं. त्यावर दिव्यानीनं याच तळ्याचा फोटो टाकला होता. इंदुताईनं फोटो डोळे भरून पाहिला, पुन्हा बॅक दाबलं, अन् ॲप बंद झालं. मग मी मुलचेऱ्यातून तेवढाच बर्फ भरून आणला, अन् तो मासळीशी बरोबर जुळला. शेठचा फोन आला, गाडी चालू ठेव. माफी मात्र मागितली नाई त्यानं, मागणारही नाई.

मी रिव्हर्स टाकला अन् शिव्या सुरू केल्या. इंदुताई गाडीमागे चालत "ये, येऊ दे" करत वाट दाखवत होती.

"पाह्य," ती म्हणाली, "तूही तर तळ्याले पाठ नाई दाखवत." अन् हसली. गाडी बंद होणार हे ऐकल्यापासून तिले हसताना पाहिलं नव्हतं. मी तोंडातली शिवी गिळली अन् गाडी आणखी हळू मागे घेतली.