रुक्सांदाने पीठ सोडलं

रुक्सांदाचं वजन त्रेचाळीस किलो भरलं तेव्हा मला वाटलं, आमच्या दवाखान्याचा काटाच बिघडलाय. मी स्वतः काट्यावर चढून पाहिलं. काटा ठीक होता.

मी या गावात सव्वीस वर्षं नर्स आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, उरलेले दिवस लोक मलाच डॉक्टर समजतात. रुक्सांदा लग्न होऊन इथे आली तेव्हापासून मी तिला ओळखते. उंच, रुंद खांद्यांची बाई. पीठ मळायला बसली की काथवट जागची सरकायची. तिच्या सासरी मागच्या अंगणात मातीची मोठी भट्टी होती आणि त्या भट्टीत ती कोलाक भाजायची. वेणीसारखा गुंफलेला हा गोल पाव आमच्या बुकोविना प्रांतात लग्नाला लागतो, बारशाला लागतो आणि माणूस गेल्यावर त्याच्या नावानेही वाटावा लागतो. आसपासच्या चार गावांतले कोलाक रुक्सांदाच करायची. तिची वेणी भट्टीत कधी उकलली नाही, असं बायका सांगायच्या.

तिशीनंतर ती हळूहळू वाळत गेली. पोट फुगायचं, दिवसातून पाच-सहा वेळा परसाकडे पळावं लागायचं, तोंडात सारखे फोड. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं. रक्त इतकं कमी की पायऱ्या चढताना कठडा धरून उभी राहायची. मी तिला लोहाची इंजेक्शनं देत राहिले. दंडावर जागा उरली नाही तेव्हा कमरेवर देऊ लागले. रक्त जरा वाढायचं, पुन्हा उतरायचं. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं मूल नाही म्हणून मनाला लावून घेतलंय. जुने डॉक्टर म्हणाले, आतडं नाजूक आहे, हलकं खा. हलकं म्हणजे रव्याची पेज आणि भाजलेला पाव. सासू ओलिंपिया रोज तेच करून घालायची, आणि रुक्सांदा आणखी खंगायची.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात तिच्या भावजयीचा पाय मोडला. भावाचा मेंढवाडा वर डोंगरात, तिथे चार धनगरांचा स्वयंपाक करायला कुणीतरी हवं होतं. तोआदेर, म्हणजे रुक्सांदाचा नवरा, म्हणाला, "तू जाऊन काय करणार? तुलाच खांद्यावर घेऊन चढावं लागेल." तरी ती गेली, घोड्यावर बसून. त्याच आठवड्यात दरड कोसळून जंगलातला रस्ता बंद झाला. वर पाव पोहोचेना. पाच आठवडे सगळ्यांनी मामालिगा खाल्ली, म्हणजे आमची ती मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत मेंढीचं चीज आणि दूध.

ती परत आली ती चालत. गालांवर रंग होता. दवाखान्यासमोरून जाताना मला हात केला. मी म्हटलं, डोंगरातली हवा मानवली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा माझ्यासमोर बाकावर बसली होती, राखेसारखी.

"एक सांगू? हसणार नसशील तर."

"सांग."

"मला पाव बाधतो."

मी हसले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. "वरची हवा वेगळी असते गं."

"हवा असती तर खाली उतरल्याबरोबर आजारी पडले असते. पहिले चार दिवस मी ठणठणीत होते. ते चार दिवस सासूबाई गुडघ्याने अडल्या होत्या, भट्टी पेटली नव्हती, आम्ही मामालिगाच खात होतो. पाचव्या दिवशी मी पाव भाजला, गरम गरम अर्धा खाल्ला. रात्रीपासून सुरू."

त्या वर्षी आमच्याकडे नव्या डॉक्टर आल्या होत्या, लुपाश्कु नावाच्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दहा वर्षं हिला इंजेक्शनं देताय ना तुम्ही?" म्हणाल्या. मला लाज वाटली. त्यांनी रक्त काढायला लावलं आणि ते जिल्ह्याला, सुचावाला पाठवलं. अहवाल आल्यावर त्यांनी रुक्सांदाला बोलावलं.

"आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन असतं. ते पोटात गेलं की तुझं शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. आतड्याला आतून जी लव असते ती झडते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्तही त्यामुळेच कमी."

"मग आजपासून पाव बंद?"

"अजून नाही. आतड्याचा तुकडा काढून तपासायचाय. तोवर रोज खायचा, नाहीतर तपासणीत काही दिसणार नाही."

तपासणीची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. ते पाच आठवडे ती रोज सकाळी माझ्यासमोर पावाचे दोन काप खायची, औषध घ्यावं तसे, आणि खाऊन घरी जाऊन पडायची. नक्की काय खातोय हे कळल्यावर ते खाणं किती कठीण असतं ते मी पाहिलं.

तपासणीने शिक्कामोर्तब केलं. औषध काही नाही. जन्मभर गव्हाचा कण खायचा नाही, एवढंच.

घरी ओलिंपियाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पावाने कुणी आजारी पडतं होय? सेहेचाळीसच्या दुष्काळात माझा धाकटा भाऊ पाव मागत मागत गेला. ती डॉक्टर शहरातली आहे, तिला काय माहीत."

"आई, कागदावर लिहिलंय," तोआदेर म्हणाला.

"कागद मी पण पाहिलेत पुष्कळ."

रुक्सांदाने पाव सोडला, पण कोलाक सोडले नाहीत. खायचं नाही ना, मग भाजायला काय हरकत? नाकातोंडाला फडकं बांधून मळायची. डॉक्टरबाईंना हे कळल्यावर त्या स्वतः अंगणात आल्या आणि उन्हाच्या तिरिपेत उडणारं पीठ तिला बोटाने दाखवलं. "हे श्वासाबरोबर घशात जातं, घशातून पोटात. फडक्याने भागत नाही." डॉक्टरबाई गेल्यावर रुक्सांदाने काथवट धुतली, उन्हात ठेवली आणि संध्याकाळी उचलून शेजारच्या लेओंतिनाकडे नेऊन दिली.

लेओंतिनाला पाव येत होता, वेणी येत नव्हती. म्हणून रुक्सांदा कुंपणाच्या अलीकडे स्टुलावर बसायची आणि पलीकडे ओसरीवर लेओंतिना मळायची.

"घट्ट ओढ. रिबीन बांधतेस का पोरीच्या केसांना?"

"इतकं येतं तर ये ना इकडे."

"येता आलं असतं तर तू हवी होतीस कशाला?"

अशा बोलण्यात लेओंतिना शिकली. पहिल्या लग्नाचे कोलाक तिने एकटीने भाजले त्या दिवशी रुक्सांदा घराबाहेर पडली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "वास येत होता. सुरेख भाजले होते." आणि विषय बदलला.

सहा महिने झाले. वजन दोन किलो वाढलं, तेवढंच. पोट अजून दुखायचं. रक्तात या आजाराचा जो आकडा दिसतो तो खाली यायला हवा होता, तो जवळजवळ तिथेच. डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं, "नक्की काही खात नाहीस ना?" घरी तोआदेरनेही विचारलं, पण त्याने विचारलं ते वेगळ्या सुरात.

"चोरून खातेस का? खरं सांग. मी रागावणार नाही."

त्यावर तिने हातातली बशी खाली ठेवली. "दोन मुलं गेली माझी. अजून चोरून खाईन?" दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तोच माझ्याकडे आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही या एकदा. एक दिवस बसा घरात आणि बघा. माझं डोकं चालत नाही."

मी रविवारी सकाळी जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. न्याहारीला मामालिगा आणि आंबट साय. पळी तिची वेगळी, भांडं वेगळं. सगळं नेटकं. दुपारी ओलिंपियाने कोंबडीचं सूप चढवलं. सूप उकळल्यावर ती कोठीत गेली आणि मातीच्या बरणीतून आंबट पाणी गाळून घेऊन आली. त्याला आम्ही बोर्श म्हणतो. त्याशिवाय आमच्याकडे सूप होत नाही. मीही रोज घालते. ते पाणी पातेल्यात पडताना मी पाहिलं आणि उठून चुलीजवळ गेले.

"ओलिंपियाबाई, बोर्श कशाचा लावता?"

"कशाचा म्हणजे? कोंड्याचा. सगळे लावतात तसा."

"कसला कोंडा?"

"गव्हाचा," ती म्हणाली. पळी पातेल्यातच राहिली.

सहा महिने रुक्सांदा पावाचा कणही न खाता रोज दोन वाट्या ते सूप पीत होती. आंबवलेल्या कोंड्याचं पाणी. डॉक्टरबाईंना सुचलं नाही, कारण त्या शहरातल्या, सुपात लिंबू पिळणाऱ्या. मला सुचलं नाही, कारण ते आमच्या इतकं सवयीचं की आम्ही त्याला खाणं धरतच नाही.

ओलिंपिया बाकावर बसली. म्हणाली, "म्हणजे मीच घालत होते."

"तुम्हाला कुठे माहीत होतं," रुक्सांदा म्हणाली. "मीही तर मागून घेत होते."

बोर्शला विरजण लागतं, आधीच्या बोर्शचा तळाला उरलेला गाळ. ओलिंपियाचं विरजण तिच्या आईकडचं होतं. लग्नात ती ते मडक्यात घालून बैलगाडीतून घेऊन आली होती आणि पन्नासहून अधिक वर्षं तिने ते कधी मरू दिलं नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांत त्यातलंच गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बरणी उचलली आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे रिकामी केली. बरणीही फोडली, कारण मातीत मुरलेलं निघत नाही, असं तिनेच मला नंतर सांगितलं. मग नवी काचेची बरणी आणवली आणि नुसत्या मक्याच्या पिठाचा बोर्श लावून पाहिला. पहिल्या दोन वेळा तो कुजला. तिसऱ्या वेळी लागला. चव थोडी वेगळी होती. तोआदेर म्हणाला, "बरा आहे."

"बरा नाही," ओलिंपिया म्हणाली. "पण आता हाच."

त्यानंतर रुक्सांदा भराभर सुधारली. वर्षभरात एकसष्ट किलो. मी तिला शेवटचं लोहाचं इंजेक्शन दिलं ती तारीख माझ्या वहीत आहे. हाडं मात्र तोवर ठिसूळ झाली होती, त्याच्या गोळ्या ती अजून घेते. मूल झालं नाही. चाळिशी उलटली होती. ते दुःख आहे आणि ती ते लपवत नाही.

चर्चमधला प्रश्न उरला होता. आमच्याकडे प्रसाद म्हणून वाइनमध्ये भिजवलेला पाव चमच्याने भरवतात. ती रांगेत उभी राहायची आणि हात छातीवर बांधून बाजूला व्हायची. फादर निकिफोर यांना वाटलं, काहीतरी पाप मनात डाचतंय. कारण कळलं तेव्हा त्यांनी बिशपना विचारून घेतलं. आता पाव घालण्याआधी ते थोडी वाइन छोट्या कपात काढून ठेवतात आणि सगळ्यांत आधी तिला देतात. त्यावरून काही बायका कुजबुजल्या, पहिला मान तिलाच का. फादर म्हणाले, "तुम्हीही पाव सोडा, तुम्हालाही देतो." कुजबुज थांबली.

तीन वर्षांपूर्वी ओलिंपिया गेली. शेवटच्या आठवड्यात मी रोज जात होते. एका दुपारी तिने सुनेला जवळ बोलावलं. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका आपल्या नावाचे कोलाक कुणी करायचे ते सांगून ठेवतात, आणि रुक्सांदाला वाटलं होतं आपल्याला सांगतील. तिने मनाशी ठरवलंही होतं, एक दिवस आजारी पडले तर पडले.

"लेओंतिनाला सांग," ओलिंपिया म्हणाली. "तू पिठाला हात लावायचा नाहीस."

"आई, एकदाच."

"माझ्यासाठी तर मुळीच नाही. ऐकलंस ना?"

लेओंतिनाने कोलाक केले. रुक्सांदाने शववाहिकेच्या मागे उभं राहून ते वाटले, पातळ हातमोजे घालून, कारण तेवढं तरी तिला करायचंच होतं.

आता तिची वर्षातून एकदा तपासणी होते आणि आकडे चांगले येतात. डॉक्टरबाई सुचावाच्या रुग्णालयात गेल्या, पण तिथून त्या कधीकधी हाच आजार निघालेली माणसं रुक्सांदाकडे पाठवतात. मागच्या हिवाळ्यात एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आई रडत होती, मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. रुक्सांदाने आईला पातेली कशी वेगळी ठेवायची, पीठ कुठलं आणायचं, पाकिटावर काय वाचायचं ते सांगितलं. मग मुलीला विचारलं, "तुला काय नाही मिळणार असं वाटतं?"

"वाढदिवसाचा केक," मुलगी भिंतीला म्हणाली.

"अक्रोड आवडतात?"

मुलीने मान डोलावली. रुक्सांदाने अक्रोड कुटले, अंडी फेटली आणि पिठाशिवायचा केक केला. मुलीने दोन तुकडे खाल्ले. आईने कृती अहवालाच्या पाठीमागे लिहून घेतली, आणि तोआदेर त्यांना बसपर्यंत सोडायला गेला.